पहिल्या ओंजळीचा मान

विलासअण्णा गिरणीच्या दारात उभे राहून काहीतरी ओरडत होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी हातानंच 'थांबा' म्हटलं. त्यांच्याच घरची ज्वारी होती, तेवढी खाली उतरू दिली आणि मग मोटार बंद केली.

"काय म्हणतासा, अण्णा?"

"म्हटलं, यंदाचा मान तुमच्या आनंदाला."

"कसला मान?"

"आता कसला म्हंजे? म्हसोबाचा. पहिल्या ओंजळीचा. काल कमिटीत ठरलं, एकमतानं." एकमतानं हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू माझ्या पदरात मोठं दान पडत होतं. "परवा दुपारी नैवेद्याच्या टायमाला त्याला फेटा बांधून पाठवा. फेटा आमीच देऊ."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. पिठानं माझ्या भुवया पांढऱ्या झालेल्या असणार, त्यामुळं चेहरा किती उतरला ते त्यांना दिसलं नसावं. ते ज्वारीचा डबा न घेताच निघून गेले. पोरगा येईल न्यायला, म्हणाले.

दुसऱ्या कुठल्या बाईनं पेढे वाटले असते. मला मात्र ते दान नको होतं. का ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आनंदा माझा धाकटा भाऊ. हाडाचा गवंडी. त्यानं बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावायची गरज नाही असं लोक म्हणायचे. पुढं त्यालाच ओळंबा लावायची पाळी आली. दारूनं पार धुऊन नेला त्याला. बायको पोरं घेऊन माहेरी गेली, घराचं दार कुणीही ढकलून आत यावं असं झालं. मिरजेच्या दवाखान्यात पोट फुगलेल्या अवस्थेत नेला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्या खेपेला वाचवतो. ह्यापुढं त्याच्या पोटात थेंब जरी गेला तर पुन्हा आणू नका, आमच्या हातात काही उरणार नाही." डॉक्टर तरुण होते, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं.

उपचार झाले, माणूस शुद्धीवर आला. प्रश्न होता, ठेवायचा कुठं? त्याच्या घरात सोडला तर संध्याकाळपर्यंत जुने दोस्त दारात हजर. दवाखान्यात कायमचं कोण ठेवतंय? तिथंच मला रज्जाकभाई भेटले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, निवृत्त झालेले. स्वतः एकेकाळी गटारीत पडून उठलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "ताई, दवाखाना दारू सोडवतो. पण सुटल्यावर माणसानं राहायचं कुठं? दवाखाना आणि घर ह्यांच्यामधी एक खोली पायजे. तिथनं कामाला जायचं, तिथंच परत यायचं, आणि एकमेकांवर लक्ष ठेवायचं." आमचे मालक वारल्यापासून गिरणीच्या मागच्या खोल्या रिकाम्याच होत्या. मी दिल्या. आनंदासकट सात-आठ जण राहायला आले. रज्जाकभाईंनी दारावर पाटी लावली: 'उभारी'. गल्लीनं दुसऱ्याच दिवशी दुसरं नाव ठेवलं: बेवड्यांचं हॉस्टेल.

ह्याच विलासअण्णांनी तेव्हा ह्याच दारात उभं राहून मला बजावलं होतं, "मालनताई, लेकीबाळींची गल्ली हाय ही." अण्णा गल्लीच्या कमिटीचे अध्यक्ष, खताचं दुकान त्यांचं. गल्लीत कुणाच्या घरात भांडण लागलं की आधी त्यांना बोलावणं जायचं. त्यांनी भुवई उचलली आणि माझी गिरणी ओस पडली. बायका दळण घेऊन पार स्टँडाजवळच्या चक्कीवर जायला लागल्या. शेवटी बैठकीत ठरलं की चैत्रातल्या यात्रेपर्यंत बघू, यात्रेनंतर बैठक घेऊन काय तो निकाल लावू. उभारी राहणार का उठणार, हे त्या बैठकीत ठरणार होतं.

मध्येच एक गोष्ट घडली. उसाची ट्रॉली मागं घेताना ड्रायव्हरनं म्हसोबाचा कट्टा पाडला. गल्लीतला नेहमीचा गवंडी म्हणाला, पुढच्या महिन्यात बघतो. देव उघड्यावर. आनंदानं कुणाला न विचारता सकाळी थापी उचलली, उभारीतल्या बाकीच्यांनी माल कालवला, विटा वाहिल्या. कट्टा उभा राहिला तो पहिल्यापेक्षा देखणा. हौसाक्का, म्हणजे अण्णांची आई, त्याच पहिल्यांदा किटलीभर चहा घेऊन गेल्या. हळूहळू दळणाचे डबे परत आले. लोक आनंदाला नावानं हाक मारायला लागले. मला वाटलं, जिंकलं आपण.

आणि आता हा मान.

आमच्या म्हसोबाला बाटली चालते. नुसती चालते असं नाही, लागते. यात्रेदिवशी अध्यक्ष बाटली फोडतो, देवाला धार घालतो, उरलेलं तांब्यात ओततो. पहिली ओंजळ मानकऱ्याची. त्यानं प्यायली की मग सगळी गल्ली ओंजळ पुढं करते, सासुरवाशिणीसुद्धा पदरानं तोंड झाकून घोट घेतात. मानकरी प्यायल्याशिवाय दुसऱ्या कुणाला तीर्थ मिळत नाही. आणि ह्याला आमच्यात कुणीच पिणं म्हणत नाही. आयुष्यात दारूचा वास न घेतलेली माणसंही ती ओंजळ घेतात आणि निर्व्यसनीच राहतात. ते तीर्थ. गल्लीनं आनंदाला आपल्यात घेतलं होतं, आणि घेतल्याची खूण म्हणून नेमकं तेच पुढं केलं होतं.

मी मोटार चालूच केली नाही. तशीच मागच्या खोल्यांकडं गेले. रज्जाकभाई अंगणात शर्टाचं बटण शिवत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते सुई टोचत राहिले.

"काय तरी बोला की वो!"

"आनंदाला सांगितलंत?"

"अजून न्हाई. त्याच्या आधी आपण काय तरी ठरवू. मी म्हणते, त्याला तापच आलाय म्हणू या."

"आणि यात्रा झाली की ताप उतरला म्हणायचं?"

"मग मिरजेला न्हेला म्हणू."

रज्जाकभाईंनी दोरा दातानं तोडला. "ताई, दारू पिणारा माणूस दिवसभर हेच करत असतो. ताप आला, मयत झालं, मिरजेला गेलतो. ह्या खोल्यांमधी आपण तेवढं एकच बंद केलंय. ते परत सुरू केलं तर बाटली काय लांब नाही."

"आन उद्या गल्लीनं हाकलून दिलं तर?"

"तर दुसरी गल्ली बघू."

असा राग आला मला! ह्यांना दुसरी गल्ली बघायला काय जातंय. खोल्या माझ्या, भाऊ माझा, रोज तोंड द्यायचं ते मला. मी पाय आपटत परत गिरणीत आले आणि दिवसभर लोकांची दळणं इतकी गरम काढली, की दोघी-तिघींनी पिठात हात घालून माझ्याकडं बघितलं.

संध्याकाळी आनंदा कामावरून आला. त्याला वाटेतच कळलं होतं. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या होत्या. पायरीवर बसून तो हातावरचं सिमेंट खरवडत राहिला.

"काय करणार हाईस?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"म्हाईत न्हाई म्हंजे?"

"म्हंजे म्हाईत न्हाई, ताई. आत्ता मला तुझं बी आयकू येईना झालंय." त्यानं मान वर केली. त्याचे डोळे बघून मला मिरज आठवली. "सगळे म्हणतात, एक ओंजळ. देवाची. कोण बघतंय, काय हुतंय. दिवसभर तेच बोलतंय डोक्यात. आन खरं सांगू? बरं वाटतंय आयकायला."

मग तो उठला, आत गेला आणि रज्जाकभाईंच्या दारावर हात मारला. उभारीत तशी रीत होती. ज्याला ओढ लागेल त्यानं गप्प बसायचं नाही, कुठलंही दार वाजवायचं आणि मोठ्यानं सांगायचं. ज्याचं दार वाजेल त्यानं हातातलं काम टाकून सोबत बसायचं, ओढ उतरेपर्यंत. उपदेश करायचा नाही. आतून आनंदाचा आवाज आला, "रज्जाकभाई, लागलीय." मी अंगणात येरझारा घालत राहिले. तुळशीला पाणी दोनदा घातलं.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. मी सरळ हौसाक्कांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्या पुरणाला डाळ निवडत होत्या.

"हौसाक्का, तेवढं अण्णांस्नी सांगा. मान दुसऱ्या कुणाला बी द्या. आनंदाला दारू चालत न्हाई."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "तीर्थाला दारू म्हणतीस? जीभ झडंल, मालन."

"झडू दे माझी जीभ. त्याचं लिवर गेलंय हो. डाक्टर म्हणालं, थेंब बी नको."

हौसाक्कांनी दाराकडं बघितलं, पदर सावरला, परत दाराकडं बघितलं. "मी बी तेच म्हटलं हुतं त्याला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, त्या गवंड्याला नको रं असं करू. कमिटीतली बी दोघं नको म्हणत हुती. पण अण्णानंच हट्ट धरला. म्हणतोय, त्यालाच द्यायचा."

"का?"

"मला काय ठावं," त्या म्हणाल्या आणि डाळीतले नसलेले खडे काढायला लागल्या.

घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती. अण्णांना उभारी घालवायची आहे. आनंदा प्याला तर चार दिवसांत लोळणार, मग म्हणता येईल, बघा तुमचे सुधारलेले. नाही प्याला तर देवाचा अपमान. दोन्हीकडून आम्हीच खड्ड्यात. काय डोकं लावलंय बघा, मी मनाशी म्हणाले, आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रज्जाकभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "असेल. पण ओंजळ आनंदाची आहे, ताई. तुमची नाही, माझी नाही."

यात्रेचा दिवस उजाडायला नको होता, पण उजाडला. दुपारचं ऊन असं की कट्ट्याची फरशी पायाला चटके देत होती. हलगी कडाडत होती, मटणाच्या पातेल्यांचा वास गल्लीभर सुटलेला, पोरंसोरं गुलालानं लाल झालेली. आनंदाला भगवा फेटा बांधून पुढं उभं केलं होतं. त्यानंच बांधलेल्या कट्ट्यासमोर. उभारीतली बाकीची माणसं मागं एका ओळीत उभी होती, रज्जाकभाई मधे. मी बायकांत होते, पण माझा एका जागी पाय ठरेना. एकीनं म्हटलंसुद्धा, "अगं मालन, मुंग्या चावत्यात काय तुला?"

अण्णांनी बाटली फोडली. देवावर धार धरली. तो वास आला आणि मी आनंदाकडं बघितलं. त्याचा गळा वरखाली झाला. अण्णांनी उरलेली तांब्यात ओतली आणि त्याच्यासमोर आले. हलगी थांबली.

"धर ओंजळ."

आनंदानं हात पुढं केले. केले म्हणजे घेणार! अण्णांनी तांब्या वाकडा केला, धार पडली, आणि तेवढ्यात आनंदानं ओंजळ उघडली. सगळं पायाखालच्या फरशीवर सांडलं.

"न्हाई, अण्णा," तो म्हणाला.

मागच्या पोरांनी बघायला टाचा उंचावल्या.

"काय न्हाई?" अण्णांचा आवाज चिरकला होता.

"मान मोठा हाय. डोक्यावर घेतो. पण हे न्हाई घेत."

"आरं, ही दारू न्हवं. तीर्थ हाय."

"ते देवाला ठावं हाय, अण्णा. माझ्या अंगाला ठावं न्हाई."

मग एकच गलका उठला. कुणी म्हणालं देवाचा अपमान, कुणी म्हणालं आजच्या आज बाहेर काढा ह्यांना, कुणाच्या तरी म्हातारीनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली. हौसाक्का तोंडाला पदर लावून उभ्या. "अण्णा, तुमी घ्या पहिली ओंजळ!" कमिटीतलं कुणीतरी ओरडलं. "गल्लीचं तीर्थ खोळंबलंय!" अण्णा तांब्या हातात धरून उभे होते. त्यांचा हात इतका थरथरत होता की तांब्यातलं तीर्थ हिंदकळून मनगटावरून ओघळायला लागलं. रागानं थरथरतोय, मला वाटलं. ते वळले आणि सगळा तांब्या देवावर रिता केला.

"यंदा सगळं देवाचं," एवढंच म्हणून ते गर्दीतून बाहेर पडले.

मी आनंदाला शोधलं तर तो जागेवर नव्हता. भगवा फेटा तेवढा कट्ट्यावर घडी करून ठेवलेला.

तो कुठं गेला हे कुणालाच माहीत नव्हतं. खोलीत नाही, गिरणीत नाही, नळावर नाही. उभारीतल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. लोकांना वाटतं, नाही म्हटलं की संपलं. रज्जाकभाई म्हणाले, "खरा धोका आत्ता. हात भिजलेत त्याचे." त्यांनी माणसं दोघादोघांनी वाटेला लावली आणि मला आपल्या जुन्या स्कूटरवर मागं बसवलं.

आधी स्टँडाजवळची परमिट रूम. जन्मात पहिल्यांदा मी तिथली पायरी चढले. गल्ल्यावरचा माणूस मला बघून उठूनच उभा राहिला. "आनंदा गवंडी? लई दिवस झालं न्हाई आला बाई." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि लगेच मनात आलं, इथं नाही म्हणजे दुसरीकडं. दुसरीकडंही नव्हता. ओढ्याकडंच्या झोपड्यांत जिथं हातभट्टीची मिळते तिथं रज्जाकभाई एकटेच आत गेले, आणि ते बाहेर येईपर्यंत मी येणारी-जाणारी प्रत्येक पाठ बघून घेतली. मग नदीचा घाट. पाण्याकडं बघायची मला हिंमत होईना. रज्जाकभाईंनी बघितलं आणि मान हलवली.

"भाई, प्याला असंल तर?"

"तर उचलून आणू."

"डाक्टर म्हणाले हुते..."

"डॉक्टर काय म्हणाले ते मलाबी माहीत आहे, ताई. गप्प बसा आता."

रज्जाकभाई पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. म्हणजे तेही घाबरले होते. त्यानं मी आणखीच घाबरले.

माळावर त्या वेळी एका बंगल्याचं बांधकाम चालू होतं. आनंदा तिथंच कामाला होता. यात्रेची सुट्टी म्हणून तिथं कुणी असणार नाही, असं धरून आम्ही पुढं निघालो होतो. वळणावर स्कूटरचा वेग कमी झाला आणि मला टक्-टक् आवाज आला. विटेवर थापीचा दांडा आपटल्याचा. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते, आमचे वडीलही गवंडीच होते. मी चालत्या स्कूटरवरून उडीच टाकली.

अर्ध्या भिंतीपाशी आनंदा उभा होता. अंगात बनियन, हात कोपरापर्यंत मालानं माखलेले. दोरी ताणलेली, विटा ओळीनं बसत होत्या. आणि खाली विटांच्या ढिगाशेजारी, यात्रेचं पांढरंशुभ्र धोतर मातीत घालून, कपाळावर गुलाल तसाच, विलासअण्णा बसले होते. एकेक वीट उचलून वर देत होते. हात थरथरत होता, एक वीट निसटून फुटली. त्यांनी दुसरी उचलली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुमी हितं काय करतासा? देवाच्या नावानं पाजून झालं न्हाई म्हणून हितं आलासा व्हय?"

"ताई," आनंदा म्हणाला.

"तू गप! अण्णा, माझ्या भावाचा जीव घ्यायला निघाला हुतासा तुमी. हौसाक्कांनी नको म्हटलं, कमिटीनं नको म्हटलं. तुमीच हट्ट धरलासा. खरं का खोटं?"

"खरं," अण्णा म्हणाले.

मला वाटलं होतं ते वाद घालतील. भांडायला तोंड उघडं ठेवूनच मी उभी राहिले.

"का पण?" रज्जाकभाईंनी विचारलं.

अण्णा विटेकडं बघत बोलले. "मला बगायचं हुतं."

"काय बगायचं हुतं?"

"देवापुढं, सगळ्या गल्लीपुढं, तांब्या म्होरं आल्यावर माणसाला न्हाई म्हणता येतंय का ते." त्यांनी वीट खाली ठेवली. "दुकानात चहाचा थर्मास असतोय माझा. त्यात चहा नसतोय. किती वरसं झाली. आईला ठावं हाय, बायकोला ठावं हाय, आन कुणाला न्हाई. सगळ्यांची भांडणं सोडवायची, आन सकाळी उठलं की पहिली ती. लई येळा ठरीवलं. न्हाई जमत. म्हटलं, कुणालाच जमत नसंल. हे उभारीवाले उगं सोंग करत असतील."

"आन आनंदानं घेतली असती तर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चार लोकांत वावरणारा, इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस, पण त्या वेळी तोंड असं झालं होतं की बघवेना. "तर मी बी घेतली असती, मालनताई. पोटभर घेतली असती. आन म्हटलं असतं, बग, कुणालाच जमत न्हाई."

हे ऐकून मला त्या विटांतली एक उचलून त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. खोटं कशाला सांगू. अजूनही ते आठवलं की हात शिवशिवतात. पण मी आनंदाकडं वळले. सगळी दुपार ज्याच्यासाठी पळत होते तो माझ्यासमोर धडधाकट उभा होता, आणि मी त्याला एक शब्दही विचारला नव्हता.

"आन तू? हात भिजलं हुतं तुझं. लागली हुती का?"

"लागली हुती की. लई लागली. हाताचा वास जाईना. म्हणून पळत हितं आलो, मालात हात घातला आन भिंत धरली. अण्णा माझ्या मागनं आलं. काय बोललं न्हाईत, विटा द्यायला लागलं."

"आन आता?"

"उतरली की. तिसऱ्या थराला उतरली."

मी भिंतीकडं बघितलं. त्यानंतर बरेच थर चढले होते. छातीपर्यंत आली होती भिंत. "मग घरी का न्हाई आलास रं? आमी नदी धुंडाळली! तुझी उतरली तर मग हितं कशाला थांबलास?"

आनंदानं थापीनं खाली बसलेल्या माणसाकडं खूण केली.

"ह्यांची उतरली न्हाई अजून," तो म्हणाला. "सकाळपास्नं घेतली न्हाई त्यांनी."

मग रज्जाकभाईंनी स्कूटर स्टँडवर लावली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि अण्णांच्या शेजारी मातीत बसले. मला मात्र बसवेना. राग निघून जायला तयार नव्हता आणि त्याला धरून ठेवायलाही काही उरलं नव्हतं.

"मालनताई," अण्णा म्हणाले. "तुमच्यात एक जागा मिळंल का मला? उभारीत?"

किती जणांनी मला हा प्रश्न विचारला होता, आणि दर वेळी मी हो म्हटलं होतं. पण ह्या माणसाला सरळ हो म्हणायला माझी जीभ वळेना.

"मला काय इचारता?" मी म्हणाले. "परवा बैठक हाय. उभारी ऱ्हाती का उठती, त्यात ठरणार. गल्लीच्या अध्यक्षास्नी इचारा."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आधी त्यांना हसू आलं, मग त्या हसण्याचं काय झालं कुणास ठाऊक, धोतराचा सोगा तोंडावर ओढून ते लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. रज्जाकभाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूत काढली नाही. नुसते शेजारी बसून राहिले. आनंदानं भिंतीवर माल पसरला, थापीनं सारखा केला आणि हात खाली केला.

"वीट द्या, अण्णा."